आधी खरवडा, मग चिकटवा!

"काका, जुना काढता कशाला? वरूनच लावून देतो ना. दोन दिवसांत काम फिनिश!"

हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीन निरनिराळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. तिघेही वॉलपेपर लावणारे. तिघांनीही भिंतीकडे दुरूनच पाहिलं, टेप लावून मापं घेतली, मोबाइलवर गुणाकार केला आणि आकडा सांगितला. भिंतीला हात मात्र एकानेही लावला नाही. डॉक्टरने नाडी न बघता बिल द्यावं, तसला प्रकार!

विषय आमच्या बाबांच्या खोलीचा. पलंगामागच्या भिंतीवरचा वॉलपेपर जुना झाला होता. कोपरे सुटलेले, जोडांवर पिवळट रेघा, मधे दोन-तीन फुगे. दिवाळीच्या आत नवा लावून टाकू, असं घरात ठरलं. मी म्हटलं, आधी जुना काढू. झालं! कारागिरांचं सोडा, नातेवाईकच माझ्यावर तुटून पडले. मोठी आत्या फोनवर म्हणाली, "अरे, त्यांचं रोजचं काम आहे, तुला काय कळतंय?" पुण्याच्या मावसभावाने सांगितलं, "आमच्याकडे वरूनच लावलाय, काही झालं नाही." (कधी लावला विचारलं, तर गेल्या महिन्यात!) तेव्हा आत्या, भाऊराया आणि समस्त मंडळी, हे तुमच्यासाठी. जरा लांबण लागेल, पण भांडण आहे म्हटल्यावर ते नीटच झालं पाहिजे.

आधी माझ्या पापाचा पाढा वाचतो. तिसरा कारागीर गेल्यावर मी खाली बसून फरशीजवळचा सुटलेला कोपरा ओढला. हात-दीड हात पट्टा अलगद हातात आला. त्याच्याखाली भिंत नव्हती. त्याच्याखाली दुसरा वॉलपेपर होता! निळ्या फुलांचा. आधीच्या मालकांचा. मग आठवलं. २०१३ साली आम्ही हे घर घेतलं, तेव्हा अशाच एका माणसाने "वरूनच लावू का?" विचारलं होतं आणि "लावा, लावा, सामान यायचंय" असं म्हणणारा शहाणा मीच होतो.

निळी फुलंही ओढली. त्यांच्यामागे भिंत काळी होती. रंगाने नव्हे, बुरशीने. बाबांच्या उशीपासून जेमतेम वीतभर वर, दोन-अडीच फुटांचा काळा डाग. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दम्याचे. गेली दहा-बारा वर्षं ते त्या भिंतीला डोकं लावून झोपतायत. त्यांचा खोकला त्या भिंतीमुळे होता असं मी म्हणणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. पण दमेकऱ्याच्या खोलीत बुरशी नसावी हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ती होती, आणि मीच ती दोन कागदांखाली छान झाकून ठेवली होती. तेव्हा पुढे जे काही तावातावाने लिहिलंय त्यात पहिला आरोपी मीच आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"वरून लावला तरी चांगला बसतो."

बसतो, आठ दिवस. वॉलपेपरची खळ म्हणजे मुख्यतः पाणी. ती नव्या कागदाला लागते तशी खालच्या जुन्या कागदातही मुरते आणि जुन्या खळीला पुन्हा ओलं करते. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळताना आक्रसतो. आक्रसताना तो खालच्याला ओढतो. खालचा जिथे कच्चा असेल तिथे दोघं मिळून भिंत सोडतात. मग फुगे येतात, जोड उघडतात, आणि जुन्या जोडाची रेघ नव्या कागदावर उमटते ती वेगळीच. खालचा कागद व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या थराचा असेल तर आणखी गंमत. त्यात खळ मुरतच नाही, दोन थरांमध्ये अडकून पडते आणि वाळायला जागा शोधत बसते. थोडक्यात, तुमचा नवा कागद भिंतीला चिकटलेलाच नसतो. तो जुन्या कागदाला चिकटलेला असतो आणि जुना कशाला चिकटलाय हे कुणीच पाहिलेलं नसतं.

"काढताना प्लास्टर निघतं."

हे अर्धं खरं आहे. पुट्टीचे पोपडे कागदाबरोबर निघतात, कधी थाळीएवढे. पण जो पोपडा ओल्या कागदाबरोबर निघून येतो तो आधीच सुटलेला होता. कागदाने त्याला नुसतं धरून ठेवलं होतं. आणि घाई केली तर मात्र चांगली पुट्टीही निघते, तो दोष काढण्याचा नाही, काढणाऱ्याचा. कोरड्या कागदावर पत्री आडवीतिडवी चालवली तर भिंतीला खड्डे पडणारच.

"खर्च वाढतो."

हिशोबच करू. आमची भिंत बारा फूट रुंद, दहा फूट उंच. बाजारातला नेहमीचा रोल एकवीस इंच रुंद आणि साधारण तेहेतीस फूट लांब, म्हणजे सत्तावन्न चौरस फुटांचा. बारा फुटांत सात पट्टे बसतात, एका रोलमधून दहा फुटी तीन पट्टे निघतात. म्हणजे तीन रोल. खरवडायला आम्हाला दोन माणसं दीड दिवस लागली, धुवायला अर्धा दिवस. ही चार रोजांची मजुरी वाचवायची म्हणून तीन रोल, खळ आणि लावणावळ कुजक्या पायावर टाकायची? आणि ती मजुरी वाचत नाही हो, पुढे ढकलली जाते. पुढच्या वेळी दोनाऐवजी तीन थर खरवडावे लागतात. व्याजासकट.

"अहो, ओल दिसू नये म्हणूनच तर लावतात!"

हा खरा मुद्दा. हा कुणी मोठ्याने बोलत नाही, पण आपल्याकडे निम्मा वॉलपेपर याच कारणासाठी विकला जात असावा अशी मला दाट शंका आहे. त्यातून आता त्या फोमच्या, विटांच्या नक्षीच्या, मागचा कागद सोलून चिकटवायच्या शीट निघाल्यात. पोपडे आले? मार शीट. लोणा लागला? मार शीट. आपल्या शहरात पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआडच येत आलंय. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी ओसंडेपर्यंत मोटार चालू, आणि ओसंडलेलं पाणी गच्चीवरून कुठल्या तरी भिंतीत. पाण्यासाठी आपण जीव टाकतो आणि आलेलं पाणी भिंतीला पाजतो. ओल तिथून येते, बाथरूमच्या फुटक्या जोडातून येते, खिडकीच्या उंबऱ्यातून येते. कागदाने ती थांबत नाही. प्लॅस्टिकच्या थराने तर ती आत कोंडते. त्यात खळ आणि कागद म्हणजे बुरशीला आयतं जेवण.

बुरशी आणि वॉलपेपर यांचं हे नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात हिरव्या रंगाचे वॉलपेपर फार लोकप्रिय होते आणि त्या हिरव्या रंगात आर्सेनिक, म्हणजे सोमल असे. ओलसर खोल्यांमध्ये माणसं आजारी पडत. १८९०च्या दशकात बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बुरशी अशा सोमलयुक्त रंगांपासून लसणासारख्या वासाचा वायू तयार करू शकते. आज आपल्या कागदात सोमल नाही, तेव्हा घाबरू नका. पण भिंतीवर चिकटवलेली वस्तू ही निर्जीव सजावट नसते, तिच्यामागे काहीतरी जगत असू शकतं, एवढं तरी सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक झालं होतं.

आता माझ्या चुलतभावाचा मुद्दा. हा इतिहासाचा भोक्ता. म्हणाला, "तू संभाजीनगरात बसून हे बोलतोस? अजिंठ्यात जुन्या चित्रांवरच नवी चित्रं काढलीत. वेरूळलाही. ती टिकली की!"

बरं झालं त्याने विषय काढला! कारण भिंतीची तयारी म्हणजे काय हे शिकायला आपल्या जिल्ह्याएवढी चांगली शाळा नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी दगडावर थेट कुंचला टेकवला नाही. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात तूस, गवत, तंतू. त्यावर बारीक थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. आपण जे बघायला जातो तो सगळ्यात वरचा, सगळ्यात पातळ थर. बाकी सगळी तयारी. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. राजदेव सिंग आणि आपल्या विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध केलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात कीड लागून बरंच नुकसान झालं, वेरूळच्या त्या गिलाव्यात कीड दिसली नाही, आणि याचं श्रेय ते भांगेला देतात. म्हणजे चित्र टिकलं की गेलं हे चित्राने नाही, मागच्या चिखलाने ठरवलं.

आणि थरावर थर? आहेत ना. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांत इसवी सनापूर्वीच्या चित्रांवर पुढे पाचव्या शतकाच्या सुमारास पुन्हा चित्रं काढली गेली. वेरूळच्या कैलास लेण्यातल्या छतावर चित्रांचे दोन थर दिसतात. पण भाऊराया, ते 'दिसतात' कसे, याचा विचार केलास का? वरचा थर जागोजागी गळून पडलाय, म्हणून खालचा दिसतो!

अजिंठ्याचा दुसरा धडा जास्त कडू आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चित्रांच्या प्रतिकृती केल्या. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर वार्निश लावलं गेलं. पुढे १९२०-२२मध्ये निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, अनेक चित्रं वाचवली, हे मान्यच करायला हवं. पण वर लाखेचा थर दिला. तो तेव्हा चमकला असणार, सगळ्यांना बरं वाटलं असणार. पुढे तो पिवळा-तपकिरी पडला आणि खालचे रंग झाकोळले. नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो जपून, इंचाइंचाने काढत बसावं लागलं. हेतू चांगला, माणसं जाणती, तरी वरून चढवलेल्या थराने पुढच्या पिढ्यांना काम लावलं. मग आपण तर बाथरूमच्या ओलीवर फुलं चिकटवतोय!

असो. नुसती टीका करून पळ काढणं बरं नाही, तेव्हा आम्ही काय केलं ते सांगतो. यात माझं कर्तृत्व शून्य. ओळखीतले एक वयस्कर पेंटर चाचा आले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं माहितीये? भिंतीवर हात फिरवला. मग बोटांच्या सांध्यांनी ठकठक करत अख्खी भिंत ऐकली. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल. मग म्हणाले, "साब, कागज बाद में. पैले ये पानी किधर से आरा, वो देखो." बाथरूमच्या नळाचा जोड गळत होता. प्लंबर आधी आला.

मग मेन स्विच बंद, कारण भिंतीत बोर्ड आहेत आणि आपण पाणी मारणार आहोत. तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, बाबांची रवानगी हॉलमध्ये. व्हिनाइलचा वरचा पापुद्रा कोरडाच, खालून वर, भिंतीलगत ओढत सोलला. मागे उरलेल्या कागदावर स्पंजने कोमट पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटं काहीही करायचं नाही. हेच सगळ्यात अवघड! पाण्याला काम करू द्यायचं. मग पत्री भिंतीला जवळजवळ सपाट धरून ढकलायची. निघत नसेल तर जोर नाही, आणखी पाणी. निळ्या फुलांनाही हीच क्रिया. मग स्वच्छ कोमट पाण्याने खळ धुवायची, पाणी सतत बदलत. खळ राहिली की नवा कागद तिथे नीट धरत नाही आणि बुरशीची शिदोरी तयार राहते. खळ पिठाची असेल तर शाळेतला बटाट्याचा प्रयोग आठवा. पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब टाकला की निळं-काळं होतं. (हल्लीच्या काही पावडरींत पीठ नसतं, तिथे हा प्रयोग चालत नाही. हाताला बुळबुळीत लागतंय का ते बघा.) खडूने गोल केलेलं प्लास्टर काढून नवं केलं, बुरशीचा भाग तर पार विटेपर्यंत.

आणि मग वाळवण. चाचांनी भिंतीवर प्लॅस्टिकचा एक हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून लावला. दोन दिवसांनी आतून बाष्प धरलं होतं. "अभी नई," एवढंच बोलून गेले. त्यानंतर पुट्टी, घासाई, प्रायमर, ओळंबा सोडून पहिल्या पट्ट्याची रेघ, हे सगळं व्हायचंय. त्याआधी भिंत कोरडी व्हायला हवी, आणि पावसाळा पिऊन बसलेली भिंत दिवाळीपर्यंत वाळत नाही. इथेच आपली परंपरा चुकते. नेमकं पाऊस संपता संपता, सगळे कारागीर घाईत असताना, भिंती सगळ्यात ओल्या असताना आपण वॉलपेपर काढतो-लावतो. मराठवाड्याचा उन्हाळा देवाने कशासाठी दिलाय? एप्रिलमध्ये लावा की! कागद दिवाळीलाही नवाच दिसेल.

अपवाद आहेत का? आहेत. एकच थर, न उमटवलेला, प्लॅस्टिक नसलेला, पक्का बसलेला, भिंत कोरडी, आणि काढताना खरोखर भिंतच खाली येईल अशी परिस्थिती, तर प्रायमर मारून वरून लावणं एखादे वेळी निभावतं. जुन्या वाड्यातली चुन्याची भिंत असेल तर माझं मत आणखी टोकाचं आहे. तिथे प्लॅस्टिकचा कागद लावूच नका. चुना श्वास घेतो, त्याच्या नाकावर हात ठेवू नका.

शेवटी, मी कारागिरांवर फार चिडलेलो नाही. ते आपल्याला हवं तेच विकतात. आपण विचारतो काय? "चौरस फुटाला किती?" आणि "कधी होईल?" भिंतीच्या तयारीचे किती, असं कुणी विचारतं का? जो खरवडतो तो हेल्पर, त्याला सगळ्यात कमी पैसे. जो शेवटी कागद लावून हात पुसतो तो मिस्त्री. धूळ खाणाऱ्याच्या कामाला बिलात ओळसुद्धा नाही, मग ते काम का व्हावं? म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी अंदाजपत्रकात 'जुना कागद काढणे, धुणे, वाळवणे, डागडुजी' अशी वेगळी ओळ लिहून घ्या. तिचे पैसे वेगळे आणि पूर्ण द्या. आणि नवा कागद चढण्याआधी उघड्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. जो कारागीर हे आनंदाने मान्य करेल त्याला काम द्या, दोन पैसे जास्त लागले तरी.

तूर्त बाबांच्या पलंगामागे करड्या प्लास्टरची, जागोजागी ठिगळं असलेली भिंत आहे. दिवाळीला येणाऱ्यांनी ती पाहून घ्यावी, लाजण्यासारखं त्यात काही नाही. आत्या, तुला फराळाला त्याच खोलीत बसवणार आहे. बाबांना विचारलं, उन्हाळ्यात कुठला कागद लावू? म्हणाले, "कशाला लावतोस? चुना मार. काय झालं तर दिसेल तरी."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडे किती थर आहेत? एक कोपरा उचलून बघा आणि कळवा.